मामीची निम्मी-निम्मी सुट्टी
ज्वारीची भाकरी तव्यावर करपल्याचा वास आला की मला मामीची सुट्टी आठवते. पंचाहत्तर सालच्या आसपासची, सोलापुरातली गोष्ट. मामीच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ वाढली, हात थरथरू लागले, तेव्हा डॉक्टरांनी मुंबईच्या अणुभट्टीत तयार झालेलं किरणोत्सारी आयोडीन मागवलं. शिशाच्या जाडजूड डब्यातून निघाली बोटभर बाटली! मामी ते प्यायली आणि म्हणाली, "नुसतं पानीच की हे!" डॉक्टरांनी बजावलं, "आठवडाभर वेगळं बसायचं, कुणासाठी स्वयंपाक करायचा नाही." आमच्या लिंगायत घरांत बायका चार दिवस बाजूला बसत नाहीत, त्यामुळं लग्नापासून मामीला चुलीपासून एक दिवसही सुट्टी मिळालेली नव्हती. ती ओसरीवर राणीसारखी बसली आणि मामांनी परात पुढं ओढली. मी तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होतो. शहाणपणा दाखवायला मी मामीला सांगून बसलो, की या औषधाचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. आठवडा सरला तसे मामा म्हणाले, "ऊठ आता, बोटं भाजली माझी." मामी जागची हलली नाही. "अजून निम्मं हाय की! मग निम्म्याचं निम्मं, त्याचंबी निम्मं. संपतंय कुटं?" मामा मला ओढतच डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "गणित बरोबर आहे." मामा घरी येऊन पुन्हा पीठ मळायला बसले. पुढं मी कॉलेजात हेच गणित शिकवायचो, आणि वर्गातल्या मुली ते भराभर उतरवून घेऊ लागल्या की मला त्यांच्या होणाऱ्या नवऱ्यांची मनापासून दया यायची.