माझ्या बाजूची घंटी

जनू गेल्याचं कळलं तेव्हा मी रस्त्याने जायचं सोडून कुंपणातल्या भोकातून धावलो आणि त्यानेच बांधलेल्या तंगुसात, नायलॉनच्या दोऱ्यात, पाय अडकून तोंडावर आपटलो. त्या जागी तंगूस आहे हे मला कित्येक वर्षं माहीत होतं, तरीही पडलो. त्या तंगुसाचं दुसरं टोक जनूच्या खाटेजवळच्या खिडकीला, आणि तिथे देवाची पितळी घंटी. ती वाजली. आतलं रडणं थांबलं. मी पाचोळ्यात पडल्या पडल्या वाट बघत राहिलो... कारण घंटी वाजली की आतून "कोन हाय रं?" असा आवाज यायचाच, इतक्या वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. तो आला नाही. मग सुमनवहिनींचा, जनूच्या बायकोचा, रडून बसलेला आवाज आला. कोणाला तरी सांगत होत्या, "पद्माकर भावजी असतील. दुसरं कोन पडतंय तितं." अशा रीतीने माझ्या सगळ्यांत जुन्या मित्राच्या अंत्यदर्शनाला मी नाकाला माती लावून पोचलो. लोकांना वाटलं, दुःखाने कोसळला असेल. मी तसंच वाटू दिलं.

जनार्दनची आणि माझी वाडी शेजारी शेजारी, दिवेआगरच्या पट्ट्यात, समुद्राला लागून. त्याची नारळ-सुपारीची, माझ्या वाडीत झाडं कमी आणि पर्यटकांच्या खोल्या जास्त. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. म्हणजे त्याने मला फार लवकर ओळखलं, असं तो म्हणायचा. संशय हा त्याचा स्वभाव नव्हता, छंद होता. मासळीवाली 'ताजं आहे' म्हणाली की तो माशाकडे न बघता तिच्या डोळ्यांकडे बघायचा. हवामानखात्याने पाऊस सांगितला की हा मुद्दाम कपडे वाळत घालायचा. पण त्याच्या सगळ्या संशयांचा मुकुटमणी मी होतो, आणि त्याला कारण झाली शहाळ्यांची एक पेंड, एक अख्खा घड.

कुंपणाजवळच्या बुटक्या माडावरून ती एके दिवशी नाहीशी झाली. नेमकी त्याच दिवशी माझ्याकडे पुण्याची मंडळी उतरली होती आणि मी त्यांना शहाळी पाजली होती. चोडं, म्हणजे सोललेली सालं, मागच्या दारी पडलेली. जनू आला, चोडांकडे बघत उभा राहिला आणि विचारलं, "कुठनं आनलीस?" मी म्हणालो, बोर्लीच्या बाजारातून. त्याच क्षणी आतून माझी बायको म्हणाली, श्रीवर्धनहून. आता खरी गोष्ट अशी की निम्मी बोर्लीहून आणली होती, कमी पडली म्हणून उरलेली श्रीवर्धनच्या रिक्षावाल्याने आणून दिली. पण हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत जनू कुंपणापलीकडे गेलेला होता. दुसऱ्या दिवशी पहिला तंगूस बांधला गेला.

ही पेंड मी चोरलेली नाही. हे मी इथे छापून सांगतोय, कारण ज्याला सांगायचं होतं त्याने ते कधी मान्य केलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. जाण्याच्या आधी काही दिवस तो खाटेवरच होता, छातीत दम राहिला नव्हता. मी शेजारी बसलो होतो. म्हणाला, "पद्या, आता तरी सांग." मी म्हणालो, "नाही रे बाबा, मी नाही." त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "बरं." एवढंच. आता हे 'बरं' कसलं? 'बरं, पटलं' की 'बरं, मरताना पण खोटं बोलतोस'? त्याच्या तेराव्याच्या पंगतीत बसून मी त्या एका शब्दाचा विचार करत होतो आणि शेजारचा मला लाडू वाढून घेण्याचा आग्रह करत होता.

तंगूस, म्हणजे मासे गरवायचा नायलॉनचा दोरा, आमच्याकडे कोणी विकत घेत असेल तर तो बाहेरचा. उधाण ओसरलं की पुळणीवर तंगुसाची गुंतवळं येऊन पडतात, जाळ्यांचे तुकडे, शिशाच्या गोळ्या, कधी गळसुद्धा. जनू सकाळी जाऊन खांद्यावर घेऊन यायचा आणि पडवीत बसून सोडवायचा. त्याच्या घरात सगळं तंगुसावर चालायचं. चष्म्याची दांडी तंगुसाने बांधलेली, चपलेचा अंगठा तंगुसाने शिवलेला, दुधीचा वेल, छत्रीची काडी, लोणच्याच्या बरणीचा दादरा, वहिनींच्या मंगळसूत्राचे मणी, दिवाळीचा कंदील. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावरची माटोळी तंगुसाने अशी टांगायचा की नारळ आणि काकड्या अधांतरी आहेत असं वाटावं. वहिनी म्हणायच्या, मी मेले तर हा मला पण तंगुसानं बांधून ठेवील.

आणि वाडीभर पहाऱ्याचे तंगूस, पोटरीच्या उंचीवर, माडामाडांतून फिरवून शेवटी सगळे त्याच्या खिडकीशी. समुद्राच्या बाजूला दूधपावडरचा डबा आणि त्यात गोटे. रस्त्याच्या बाजूला मेलेल्या गायीच्या गळ्यातली घंटा. खाटेवर पडल्या पडल्या त्याला आवाजावरून कळायचं, चोर कोणत्या दिशेने आला. माझ्या बाजूला मात्र त्याने थेट देवघरातली घंटी लावली. वहिनी चिडल्या, देवाची वस्तू ती. तेव्हा म्हणाला, "बारीक हाताचा चोर हाय, त्याला बारीक घंटी लागते." तेव्हापासून त्या घरात पूजा घंटीवाचून होऊ लागली. म्हणजे देवाचंही माझ्याविषयी काही बरं मत असेल असं नाही.

वादळ आलं त्या वर्षी आमचं सगळंच झोपलं. माझ्या खोल्यांचे पत्रे त्याच्या वाडीत आणि त्याचे माड माझ्या अंगणात. चार दिवसांनी मी वाट काढत पलीकडे गेलो तर हा उरलेल्या बुंध्यांना तंगूस बांधत होता. मी म्हणालो, "जनू, आता चोरायला राहिलंय काय?" वर न बघता म्हणाला, "तू ऱ्हायलायस ना."

मलाही त्याचा संशय यायचा, हे कबूल केलं पाहिजे. एकदा मला ताप भरला आणि मी आठवडाभर घराबाहेर पडलो नाही. एका दुपारी जनू दारात उभा. म्हणाला, "घंटी वाजली न्हाय. मेलास की काय बघाया आलो." हातात पेजेचा डबा होता. पेज मी प्यायलो, पण तेव्हापासून विचार करतोय, ही काळजी होती की पाळत? कारण जाताना त्याने माझ्या मागच्या दारी जाऊन चोडं बघितली, हे मी खिडकीतून पाहिलं.

मग ते कासवाचं झालं. थंडीचे दिवस होते, आम्ही सकाळचे पुळणीवर चाललो होतो. भरतीच्या रेषेवर एक कासव पडलेलं, पुढचा एक पाय जाळ्यात आणि तंगुसात गुरफटलेला. मी ते मेलं असं जाहीर केलं, टोपी काढली आणि समुद्रातल्या कचऱ्यावर दोन गंभीर वाक्यं बोललो. तिसऱ्या वाक्याला कासवाने मोकळ्या पायाने फर्रकन वाळू उडवली, ती माझ्या उघड्या तोंडात गेली. जनू खाली बसला. सुपारीसाठी खिशात अडकित्ता असायचाच, त्याने तो काढला आणि एकेक धागा कातरायला लागला. तंगूस मांसात इतका आत रुतला होता की कुठे दोरा संपतो आणि कुठे पाय सुरू होतो ते दिसत नव्हतं. तो कासवाशी काहीबाही बोलत होता, मला कधी इतक्या सौम्यपणे बोलल्याचं आठवत नाही. सुटल्यावर ते बराच वेळ तसंच बसलं. त्यालाही संशय असावा. मग हळूहळू पाण्यात गेलं.

जनूने ते हिरवट तंगुसाचं भेंडोळं हातात घेऊन उजेडात धरलं. चौकशी सुरू झाली. मोठ्या बोटीचा असेल, नाहीतर रेवसच्या बाजूने वाहत आला असेल, नाहीतर खडकावर बसून गरवणाऱ्या माझ्या पाहुण्यांचा. "तुझं पावने दोरा तुटला की तसाच टाकून येतात. मी बगितलंय." मी म्हणालो, तुझ्या वाडीतला असेल, वादळात उडालेला. त्याने भेंडोळं खिशात घातलं. मी विचारलं, घरी कशाला नेतोस? म्हणाला, "मंग काय परत दर्यात टाकू?"

घरी नेऊन त्याने तो समुद्राच्या बाजूला बांधला, उंचावर, वटवाघळं सुपारीवर येतात म्हणून. काही महिन्यांनी एका पहाटे डबा वाजला. जनूने आतूनच एक शिवी हासडली, चोर पळाला असेल असं धरलं आणि कूस बदलली. डबा पुन्हा वाजला, पुन्हा शिवी. असं चार-पाच वेळा. मग वाजायचा थांबला. सकाळी मी नेहमीप्रमाणे भोकातून आलो तर हा माडाखाली उभा होता. वर पिंगळा लटकत होता, एक पंख पसरलेला. हिरवट तंगूस त्याच्या पंखाच्या मुळाशी गेला होता... मी तो दोरा ओळखला. जनूने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की मी ओळखलाय. आयुष्यात पहिल्यांदाच मला काही बोलावंसं वाटलं नाही. तो म्हणाला, "मी शिव्या घालीत होतो, पद्या. आणि त्यो डबा वाजवीत व्हता." एवढं बोलून शिडी आणायला गेला. इतकी वर्षं सगळ्या गावावर संशय घेणाऱ्या माणसाला खरा गुन्हेगार सापडला होता, आणि त्याने तो मान्य केला. माझ्या पेंडीच्या बाबतीत त्याने इतकी तत्परता कधी दाखवली नाही.

त्यानंतर वरचे सगळे तंगूस उतरले. खालच्यांना त्याने वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, हातभर अंतरावर एकेक, पाखरांना दिसाव्यात म्हणून. फक्त माझ्या बाजूच्या तंगुसाला एकही चिंधी नव्हती. मी तक्रार केली तेव्हा म्हणाला, "पाखरांना दिसायला पायजे, तुला न्हाय." पुळणीवरून तंगूस आणणं सुरूच राहिलं, पण आता तो अडकित्त्याने बोटभर तुकडे करून पाण्याच्या बाटल्यांत भरायचा. जाळला तर वास, पुरला तर राहतोच, आणि कचऱ्याच्या गाडीवर त्याचा विश्वास नव्हता. ती गाडी पुढे खाडीत जात नाही कशावरून? बाटल्या खाटेखाली जमत गेल्या.

त्या अजून तिथेच आहेत. मागच्या आठवड्यात वहिनींनी मला बोलावलं. त्या घागर घेऊन येताना एका तंगुसात अडकल्या होत्या, थोडक्यात वाचल्या. चिंध्या कुजून गळाल्यात, आणि कुठला तंगूस कुठून कुठे जातो हे फक्त जनूला माहीत. म्हणाल्या, "भावजी, तेवढे काढून द्या. तुम्हाला सगळे म्हायती हायत. तुमच्याएवढं कोन पडलंय हितं?" मला वाटलं, गंमत करतायत. पण अडकित्ता हातात घेऊन वाडीत उतरलो आणि खरंच, पाय आपोआप जाऊ लागले. इथे विहिरीपाशी कोपर सोललं होतं, तो कापला. इथे दूध सांडलं होतं, तो कापला. रस्त्याच्या बाजूला एकदा नवं धोतर फाटलं होतं. पोरीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला तरी पुढच्या दाराने जावं म्हणून गेलो होतो... गायीची घंटा खाली आली, मग समुद्राकडचा डबा. डबा उतरवताना आतले गोटे वाजले आणि वहिनींनी मान फिरवली. वहिनी मागून येत तुकडे गोळा करून बाटलीत भरत होत्या, अगदी त्याच्यासारखे, बोटभर.

शेवटी कुंपणातल्या भोकापाशी आलो. माझा तंगूस तेवढा ताठ होता, मी पडूनही तुटला नव्हता. हात लावला तर तिकडे खिडकीत घंटी किणकिणली, आणि मी सवयीने उत्तराची वाट बघत थांबलो. ते न आल्यावर, इतके दिवस घशात होतं ते विचारून टाकलं. म्हटलं, "वहिनी, जनूला शेवटपर्यंत खरंच वाटत होतं का, की पेंड मी नेली?" तंगुसावरून बोट फिरवत वहिनी त्या माडाकडे बघत राहिल्या. तो बुटका माड वादळातही उभा राहिला होता आणि यंदा लागला चांगला होता. मला भरून आलं. वाटलं, आता या माफ करतायत, त्याच्या वतीने. मी अडकित्ता तंगुसाला लावला आणि म्हणालो, "वहिनी, घंटी आता देवघरात ठेवा. पुष्कळ वर्षं झाली."

त्यांनी माझ्या हातातून अडकित्ता काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे तितंच, भावजी. नारळ अजून पाडायचे हायत."