डाव्या हाताची स्टिक

आमचे स्केटिंगचे सर म्हणाले, यंदा हिवाळ्यात मुलींचा संघ घेऊन हिमाचलला जायचं, बर्फावरची हॉकी खेळायला. घरी येऊन मी हे सांगितलं, तर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "यात त्यांचा काय फायदा?"

बाबा मनमाडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. रोज सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळी परत नाशिकला, इंदिरानगरच्या घरी. बाहेर 'पुस्तके' लिहिलेल्या खोक्यात भलतंच काही निघालेलं त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं, की लिहिलेल्या किंवा सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. घरात नवीन कुकर आला तरी ते आधी खोक्याचा तळ बघत.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. शाळेत असल्यापासून स्केटिंग करायचे. आमच्या भागात सिमेंटचं एक गुळगुळीत मैदान होतं. एका रांगेत चार चाकं असलेले स्केट्स घालून आम्ही तिथे शर्यती लावायचो आणि नंतर नंतर प्लास्टिकच्या काठ्यांनी हॉकीही खेळायला लागलो होतो. पण बर्फावर आमच्यापैकी एकीशिवाय कुणीच उभं राहिलं नव्हतं. सरसुद्धा नाही. त्यांनीच ते सांगून टाकलं होतं, आणि बाबांना सगळ्यात जास्त संशय त्याचाच आला. "न पाहिलेली वस्तू विकतोय माणूस, आणि वर कबूलही करतोय. म्हणजे मुरलेला आहे."

बर्फावर खेळलेली ती एकच जण. आम्ही तिला ताई म्हणायचो. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, उंच, कमी बोलणारी. तिचे काका चंदीगडला होते. त्यांच्याकडे राहून ती दोन हिवाळे हिमाचलला जाऊन खेळून आली होती. स्टिक प्रत्येकीने स्वतःची आणायची असं ठरलं, तेव्हा सरांनी सगळ्यांना तिच्याकडे पाठवलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तू लेफ्ट घे."

"पण मी उजवी आहे."

"माहितीये. तरी लेफ्ट घे."

या स्टिकचं पातं किंचित वळलेलं असतं. ते एका बाजूला वळलं असेल तर ती डावी, दुसऱ्या बाजूला असेल तर उजवी. चुकीची हातात आली तर पक, म्हणजे रबराची काळी चकती, वळणावरून निसटून जाते. इतपत मला ठाऊक होतं. आणि मी उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते, गल्लीत क्रिकेट खेळले तेही उजव्या हातानेच. मग डावी कशासाठी?

"स्केट्स घालून उभी राहिलीस की हनुवटीपर्यंत यायला हवी," ताई पुढे म्हणाली. "लांब असेल तर काप. आणि जोर दिला की वाकली पाहिजे. लाकडी ओंडका घेऊ नकोस." मग जरा थांबून, "माझी जुनी आहे. लेफ्टच आहे. हवी असेल तर घेऊन जा."

मी ती घरी आणली. बाबा चहा पीत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"तिच्याकडे डाव्या हाताची पडून आहे. आणि ती तुला सांगते, डाव्या हाताचीच घे."

"हो."

"असं," ते म्हणाले आणि पुन्हा चहा पिऊ लागले.

त्या "असं"ने माझ्या डोक्यात घर केलं. तोपर्यंत ताईबद्दल माझ्या मनात काही नव्हतं. आता मात्र आठवायला लागलं, की संघात पुढे खेळायच्या जागा दोन आणि त्या जागांवर नजर असलेल्या आम्ही तिघी. सरावात ती मला पास देत नाही, हेही आठवलं. बाकीच्यांनाही ती फारसे देत नसे, पण ते माझ्या लक्षात आलं नाही.

बाबांनी ती स्टिक मांडीवर घेतली. पातं आणि दांडा जिथे जुळतात तिथे काळा टेप गुंडाळलेला होता. त्यांनी नखाने टेपचं टोक शोधलं आणि हळूहळू सोडवायला लागले. आई म्हणाली, "अहो, दुसऱ्याची वस्तू आहे." त्यांनी ऐकलं नाही. दोन थर निघाले आणि खाली चीर दिसली. बारीकच, पण दांड्याच्या अर्ध्या जाडीपर्यंत गेलेली.

बाबांनी चिरेवरून नख फिरवलं. मग स्टिक माझ्यासमोर धरली.

दुसऱ्या दिवशी मी ती ताईला परत केली. टेप पुन्हा लावला होता, पण माझ्या हाताने लावलेला कळतच होता. तिने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चीर आहे तिला," मी म्हणाले.

"आहेच. म्हणून तर टेप लावलाय." तिचा आवाजही बदलला नाही. "सिमेंटवर सरावाला चालते. सिमेंटवर पातं महिन्याभरात झिजतं. नवीन घासून वाया घालवण्यापेक्षा बरं."

"मग तसं सांगितलं का नाहीस?"

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं," म्हणून ती निघून गेली. मला ते पटलंही आणि नाहीही. न विचारता खरं सांगत नाही त्या माणसाचं बाकीचं खरं कसं मानायचं?

घरी त्या आठवड्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. बाबा अधूनमधून मला हाक मारायचे आणि म्हणायचे, "अगं, माझी चप्पल पलंगाखाली गेली. जरा काढ." आमच्याकडे वरच्या दांडीवर कपडे टाकायची एक लांब काठी होती. ती घेऊन मी वाकायचे, चप्पल ओढून द्यायचे. परत दोन दिवसांनी चप्पल आत. तिसऱ्यांदा मी चिडले. "बाबा, तुम्ही मुद्दाम टाकता का?"

"थांब. तशीच थांब. हात हलवू नकोस."

मी वाकलेली तशीच थांबले. माझा उजवा हात काठीच्या वरच्या टोकाला होता, डावा खाली, आणि काठी अंगाच्या डाव्या बाजूला. डावी स्टिक अशीच धरतात.

"दर वेळी असंच धरतेस," ते म्हणाले. जरा नाराजीनेच. "ती पोरगी बरोबर आहे. डावीच घ्यावी लागेल."

मी उठून काठी उलटी धरून पाहिली, डावा हात वर घेऊन. हात परक्याचे वाटले. म्हणजे सल्ला खरा होता आणि वस्तू तुटकी. यातून ताईबद्दल नक्की काय समजायचं, ते आम्हा दोघांनाही कळेना. बाबांचं मत असं, की अर्धं खरं बोलणाऱ्यापासून जास्त सांभाळून राहावं, कारण पूर्ण खोटं बोलणारा लगेच सापडतो.

नाशिकमध्येच द्वारका चौकात खेळाच्या सामानाचं एक दुकान होतं. ट्रॅव्हल्सच्या गाड्या उभ्या राहायच्या त्याच्या मागच्या बाजूला. दुकानदाराने दिल्लीहून स्टिक मागवून देतो म्हणून सरांना सांगितलं होतं. मी आणि बाबा रविवारी गेलो. त्याने आधी मैदानी हॉकीची आखूड स्टिक काढून काउंटरवर ठेवली.

"ही नाही," मी म्हणाले. "बर्फावरची."

"हॉकी ती हॉकीच ना, मॅडम."

बाबांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की बघ, सुरुवात झाली. शेवटी आतून दोन लांब स्टिक आल्या. दोन्ही डाव्या, हे मी पातं जमिनीला टेकवून आधी पाहून घेतलं. एकीच्या दांड्यावर शंभर आकडा छापला होता, दुसरीवर पंचाहत्तर.

"शंभरवाली घ्या," दुकानदार म्हणाला. "आकडा मोठा तेवढा माल भारी."

"आकडा कशाचा आहे?" बाबांनी विचारलं.

"ताकदीचा."

"कुणाच्या?"

दुकानदार हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी दोन्ही स्टिक उलटसुलट केल्या, जोड चाचपले, लेबलाचा कोपरा खरवडून खाली दुसरं लेबल आहे का ते पाहिलं. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक थांबून बघायला लागलं. मला लाज वाटत होती, पण मीही मनातून दुकानदारावर नजर ठेवून होते. तो शंभरवालीच पुढे सरकवत होता.

मी शंभरवाली घेतली, पातं फरशीवर टेकवलं आणि दोन्ही हातांनी खाली जोर दिला. खिडकीचा गज दाबल्यासारखं वाटलं. ती हललीसुद्धा नाही. आकडा ताठपणाचा होता तर. मग पंचाहत्तरची घेतली. तिच्यावर अंगाचा भार टाकला तशी ती मधोमध थोडी वाकली, आणि भार काढताच अशी सरळ झाली, की माझे हात वर उचलले गेले.

"ती पोरांची आहे," दुकानदार म्हणाला.

"वाकणारी वस्तू मोडते," बाबा माझ्या कानाशी म्हणाले.

मला दोघांचंही ऐकायचं नव्हतं. ताईचं ऐकायचंही जिवावर आलं होतं. पण ती स्टिक हातात धरल्यावर जे वाटलं, ते कुणी सांगितलेलं नव्हतं. मी म्हणाले, "हीच." बाबांनी आणखी एकदा जोड तपासला आणि होकार दिला.

कापायचं काम घरी झालं. मी स्केट्स घालून गॅलरीत भिंतीला धरून उभी राहिले. बाबांनी हनुवटीशी पेन्सिलीची खूण केली, मग मला फिरवून परत केली, मग स्केट्सच्या नाड्या नीट आवळल्यात का ते पाहून पुन्हा केली. हातकरवतीने कापताना ते म्हणाले, "दोन बोटं जास्तच ठेवतो. कापलेलं परत चिकटवता येत नाही."

नाशिकरोडला गाडीत बसवायला आले, तेव्हा त्यांनी सगळ्यांची तिकिटं मागून घेऊन पाहिली. सरांचंसुद्धा. सरांनी निमूट दाखवलं.

हिमाचलमधला रिंक उघड्यावर होता. ऊन चढलं की बर्फ मऊ पडायचा, म्हणून खेळ पहाटे. पहिल्या दिवशी मला साधं थांबताही येईना. चाकांवर जी सवय लागली होती, ती सगळी निरुपयोगी. पण स्टिकने मात्र त्रास दिला नाही. दोन बोटं जास्त ठेवली होती, ती मला आधाराला बरी पडली. तिसऱ्या दिवशी पक माझ्या पात्यावर येऊन थांबली, आणि मी ती ढकलली तर जिथे पाहत होते तिथेच गेली. एवढं झालं तरी मला पुष्कळ वाटलं.

तिथल्याच मुलींशी शेवटचा सामना होता. मी बाकावर बसले होते. खेळ ऐन रंगात असताना ताईच्या स्टिकचे दोन तुकडे झाले. ती तशीच घसरत कठड्याजवळ आली, माझ्यासमोर थांबली आणि हात पुढे केला.

"दे."

मी दिली. विचार करायला वेळच नव्हता. ती वळून गेली, आणि मग माझ्या लक्षात आलं. आमच्या बाकावर चार स्टिक होत्या. बाकीच्या तिन्ही उजव्या. डावी एकटी माझी.

पुढचा सगळा सामना मी खेळ पाहिलाच नाही, फक्त माझी स्टिक पाहत होते. संघात स्वतःसाठी एक जादा स्टिक असावी म्हणून तिने मला डावी घ्यायला लावली? की माझा हातच तसा होता, आणि हा नुसता योग? तिने त्या स्टिकने एक गोल केला. आम्ही तरीही हरलो. संध्याकाळी तिने स्टिक परत दिली, तेव्हा पात्यावर नवा टेप होता, एकसारखा, घट्ट. मी खोलीत जाऊन तो टेप सोडवला. खाली काही नव्हतं. मग मला तो परत तितका चांगला लावता आला नाही.

घरी आल्यावर बाबांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांचा चेहरा कसा होईल ते मला माहीत होतं.

पुढच्या हिवाळ्याआधी एकदा सराव संपल्यावर मैदानाच्या कठड्यावर आम्ही दोघीच होतो. मी विचारून टाकलं. "तू मला डावी घ्यायला सांगितलीस, ती माझ्यासाठी की तुझ्यासाठी?"

ती स्केट्सच्या नाड्या सोडत होती. वर न पाहता म्हणाली, "दोन्ही. तू मैदान झाडतेस तेव्हा झाडू कसा धरतेस ते मी पाहिलं होतं. लेफ्ट नसतीस तर सांगितलं नसतं. पण होतीस ते बरं झालं." मग तिने मान वर केली. "एवढं वर्षभर मनात ठेवलंस?"

"हो."

"अवघड आहेस," ती म्हणाली आणि हसली. तिला हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

त्या रविवारी तिच्याच स्कूटीवरून आम्ही द्वारकेला गेलो. दुकानदाराने शंभरवाल्या काढल्या, आम्ही दोघींनी त्या बाजूला सारल्या. पाऊण तास एकेक स्टिक फरशीवर दाबून पाहिली. दोघींनी सारख्याच घेतल्या, एकाच वळणाच्या. घरी येताच मी जाड मार्कर काढला आणि माझ्या स्टिकच्या दांड्यावर, पुसता येणार नाही असं, माझं नाव लिहिलं.