बाबांचं कॅज्युअल्टीत जाणं

आई गेली त्या हिवाळ्यात बाबांचा दमा वाढला. दमा तसा जुनाच. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली आणि रस्त्यांची धूळ छातीत बसत गेली. पण आई होती तोवर तो घरातच आवरायचा. ती पाठ चोळायची, गरम पाणी द्यायची आणि शेजारी बसून काहीबाही बोलत राहायची. ती गेल्यावर नेरच्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी लग्न मोडून माहेरी परत आलेली, जवळच्या खेड्यातल्या शाळेत शिकवणारी. सकाळी मी निघाले की बाबा संध्याकाळपर्यंत एकटे.

शाळेतून येऊन मी कुकर लावायची आणि तेवढ्यात बाबांना दम लागायचा.

"बाई, जीव घाबरून राह्यला," खाटेची कड घट्ट धरून ते म्हणायचे. "यवतमाळले ने मले."

मी गॅस बंद करायची. शेजाऱ्यांची व्हॅन होती; ते बिचारे कधी नाही म्हणाले नाहीत. वाटभर बाबा खिडकीशी तोंड नेऊन श्वास ओढत राहायचे आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत असायची. सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत पोचलो की मास्क लावून मशीनची वाफ द्यायचे, एखादं इंजेक्शन द्यायचे. थोड्या वेळात छातीतली शिट्टी थांबायची आणि डॉक्टर म्हणायचे, "घरी न्या."

पण बाबा लगेच निघायचे नाहीत. बाहेरच्या बाकावर बसायचे. शेजारी जो कोणी असेल त्याला विचारायचे, "गाव कोनतं तुमचं?"

त्या एका प्रश्नावर बाबा पुन्हा कंडक्टर व्हायचे. जिल्ह्यातला एकही फाटा त्यांना अनोळखी नव्हता. कोणी केळापूरचं निघालं की म्हणायचे, "पांढरकवड्यापर्यंत एसटीनं जा, तठून आटो भेटते." गावाच्या नावाबरोबर त्यांना तिथला पूल आठवायचा, शाळा आठवायची, कधीकाळी गाडीत राहिलेली कुणाची तरी पिशवी आठवायची. एकदा महागावकडची एक बाई आली होती. तिच्या नवऱ्याला तुरीच्या शेतात साप चावला होता. ती दाराशी उकिडवी बसली होती, काही केल्या बोलत नव्हती. बाबांनी तिला चहा आणून दिला आणि तिच्या गावच्या मारुतीच्या पाराविषयी, पाराजवळच्या चिंचेविषयी बोलत बसले. हळूहळू तीही बोलायला लागली. तिचा नवरा वाचला नाही. आतून निरोप आला तेव्हा तिने बाबांच्याच खांद्यावर डोकं टेकलं. दम लागला म्हणून आलेला माझा बाप तिला धरून बसला होता आणि त्याचा श्वास अगदी संथ चालला होता.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. पण मी थकले होते. घड्याळाकडे बघत मी व्हॅनवाल्या काकांची माफी मागायची. घरी अर्धा शिजलेला भात आणि उद्याची शाळा वाट बघत असायची.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. एका संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. आत एका पोराचं डोकं फुटलेलं होतं, एक बाई बाळंतपणात अडली होती, खाटा पुरत नव्हत्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, बाबांचा दमा घरी आवरण्यासारखा आहे. दर वेळी इतक्या लांब आणू नका. त्यांचेही हाल होतात आणि आमचीही ओढाताण होते."

दम्याच्या औषधाचा पंप आधीपासून होता, पण बाबा तो तोंडात धरून नुसतेच दाबायचे. बाईंनी त्याला लावायची प्लास्टिकची नळी दिली आणि श्वास कसा ओढायचा, कसा धरून ठेवायचा ते बाबांकडून करून घेतलं. एक पंप रोजचा, दुसरा दम लागल्यावरचा. मला बजावलं, "ओठ निळे पडले, एक वाक्य पुरं बोलता येईना, किंवा पंप घेऊनही उतार पडेना, तर क्षणभर थांबू नका, लगेच आणा. एरवी घाबरू नका."

मी मोठ्या आशेने घरी आले. रोज पंपाची आठवण करून द्यायची. बाबा म्हणायचे, "घेतला." तरी दम लागतच राहिला. डॉक्टरीणबाईंनाही कोडं पडलं.

मग एक दिवस शाळा लवकर सुटली. मी अंगणात शिरले तर बाबा मोरीपाशी उभे. हातात रोजचा पंप. त्यांनी तो वर धरला आणि हवेत दाबला. मग पुन्हा दाबला. औषधाचा बारीक धूर पेरूच्या पानांत विरून गेला.

"बाबा, हे काय करून राह्यले तुमी?"

ते दचकले. पंप खिशात घातला, मग काढून माझ्या हातात दिला.

"काहून असं करता? हवेत काहून मारता?"

ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "बरा झालो त मी जाऊ कुठी? तठी चार मानसं भेटतात. आपला हात धरून कोनी विचारते, काय होते म्हनून. अठी कोन हाये?"

"मी हावो ना, बाबा."

"तू दमून येतं. तुले कायले सांगू?"

मला रडू आलं. तेही रडले. आई गेल्यानंतर आम्ही दोघं एकत्र रडलो ते पहिल्यांदाच. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं की पंप नीट घेईन.

मी त्यांना दुपारचं बसस्टँडवर जाऊन बसायला सुचवलं. ते गेलेही काही दिवस. पण नव्या कंडक्टर पोरांपैकी कोणी ओळखीचं नव्हतं, जुने सोबती एकेक करून गेलेले. प्रवासी मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. कोणाला विचारायला गेलं तर तो खिसा सांभाळायचा. बाबांनी जाणं सोडलं. मी शाळेत अर्धवेळ मागू शकत नव्हते. बहीण-भाऊ नव्हते. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "यावर माझ्याकडे औषध नाही हो, ताई." पुढे त्यांची बदली झाली.

पंपाने मात्र काम केलं. बाबांना दम लागणं थांबलं. यवतमाळच्या फेऱ्या बंद झाल्या. शेजारी म्हणाले, "चला, सुटल्या तुमी." खरंच, मी संध्याकाळचा स्वयंपाक पुरा करू लागले. ताटं वाढायची आणि आम्ही गप्प जेवायचो.

मध्यंतरी तपासणीसाठी त्यांना नेलं. ओपीडीतल्या नव्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "बाबा, फार छान. असंच चालू द्या." बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "थोडं बसू का?" आम्ही कॅज्युअल्टीसमोरच्या बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारा डोळे मिटून बसला होता. बाबा त्याच्याकडे वळतच होते तेवढ्यात पहारेकरी आला.

"पेशंट कोण आहे तुमचा?"

"कोनी नाही," बाबा म्हणाले.

"मग उठा. उगाच गर्दी नका करू. नातेवाइकांनाच जागा नाही इथं."

त्याचं काही चुकलं नव्हतं. भिंतीला टेकून बायामाणसं उभी होती. बाबा लगेच उठले, एका बाईला हाताने जागा दाखवली आणि फाटकाकडे चालू लागले.

आता ते फारसे उठत नाहीत. दाढी करायला मीच बसवते. जेवण दोन घासांवर आलं आहे. डॉक्टर म्हणतात वय झालं, भूक कमी होणारच. पंप मात्र न सांगता घेतात, सकाळ-संध्याकाळ, मला दिसेल असा. काल मी म्हटलं, "बाबा, सुट्टीत कुठी जाऊन येऊ का?" त्यांनी कूस बदलली.

"आता कायले?" एवढंच म्हणाले.