कौलाला विचारलेला प्रश्न

देव आपल्या माणसाची हाक ऐकल्याशिवाय राहत नाही, असं माझ्या माहेरी तीन पिढ्या सांगत आल्या. त्याच तीन पिढ्यांत आजी, आई आणि मी, अशा तिघी आपापल्या वेळी महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून होतो, हे मात्र कुणी सांगत नाही. आजीच्या वेळी लोक त्याला बाहेरचं म्हणाले, आईच्या वेळी अशक्तपणा. माझ्या वेळी डॉक्टरांनी नैराश्य म्हटलं आणि गोळ्या दिल्या. त्या मी अजून घेते. घरात कुणी विचारलं तर कॅल्शियमच्या म्हणून सांगते.

त्यामुळे माझ्या लेकीचं, सायलीचं सुरू झालं तेव्हा मला ते ओळखायला वेळ लागला नाही. पंधरा वर्षांची पोर. वर्गात बाईंनी नाव घेतलं की हात गार पडायचे, छाती धडधडायची. चाचणीच्या सकाळी खाल्लेलं उलटायचं. पुढे शाळाच बुडू लागली. मी पुस्तकं बरीच वाचते. हा हळवेपणा आईकडून लेकीत उतरू शकतो इथपर्यंत वाचलं आणि पुढचं पान उलटायचा धीर झाला नाही. तिच्याशी बोललेही नाही. बोललं तर तिलाही ते जडेल, अशी माझ्यासारख्या वाचणाऱ्या बाईची समजूत होती.

सासूबाई म्हणाल्या, "डिंभ्याच्या धरणाच्या वरल्या अंगाला देव हाय. कौल लावून ये." देणगीदारांच्या नावांच्या फरश्या पाहिल्या की माझी भक्ती मावळते. पण माणूस घाबरला की फार चिकित्सा करत नाही. वारूळवाडीहून आम्ही मायलेकी घोडेगावला गेलो, तिथून एसटीने वर. देऊळ लहान होतं आणि फरशी शेणाने सारवलेली. नाव कोरायला जागाच नव्हती. मला जरा बरं वाटलं.

गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी घरून छान गुळगुळीत प्रश्न तयार करून आणला होता.

"तुमी न्हाई, ताई," गुरव म्हणाला. "जिचं दुखणं तिनं इचारायचं. आन मोठ्यानं. मनातल्या मनात इथं चालत न्हाई."

सायली स्पष्ट म्हणाली, "मी पण आईसारखी भिंतीकडे तोंड करून पडणार का?"

मी पडून होते तेव्हा ती चार वर्षांची होती. तिला आठवत नसेल असं मी धरून चालले होते.

पाकळ्या हलल्या नाहीत. अर्धा तास झाला, तास झाला. ओट्यावर एक म्हातारी धनगरीण टेकली होती, खाली तिची मेंढरं चरत होती. तिनेही प्रश्न ऐकला होता.

"माज्या कळपात एक बिचकी मेंढी हाय," ती सायलीला म्हणाली. "तिची आय बी बिचकी व्हती. पान वाजलं की पळायची."

"मग तिचं काय करता?"

"काय करनार? मारून शानी व्हती व्हय? कडंला चारत न्हाई, मधी ठेवतो. दोन्ही बाजूंनी अंगाला अंग लागलं की ऱ्हाती उभी."

"बरी झाली?"

"बिचकी ती बिचकीच. पर पळत न्हाई आता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन तू गं बाई, पोरीला कडंला का ठेवलीस?"

गुरवाने पाकळ्यांकडे एकदा पाहिलं. "देव व्हय बी म्हनंना, न्हाई बी म्हनंना," तो म्हणाला. "म्हंजी अजून ठरल्यालं न्हाई. जावा, शेवटची यष्टी चुकंल."

एसटीत मी सायलीला सगळं सांगितलं. आजीचं, आईचं, माझं. गोळ्यांचंही. ती खिडकीकडे पाहत ऐकत होती. मग म्हणाली, "कॅल्शियमच्या गोळ्या कुणी लपवून खातं का गं आई?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वारसा म्हणजे निकाल नव्हे, असं त्यांनीही सांगितलं, पण मला ते आधी ओट्यावर कळलं होतं. शरण जायचं म्हणजे सगळं देवावर टाकायचं असं मी समजत असे. त्या दिवशी मला फक्त मुठीत धरलेलं गुपित सोडावं लागलं. ती म्हातारी कोण, कुठली, मी विचारलं नाही. तिचे उपकार मात्र रोज आठवतात.

सायली आता शाळेत जाते. हात अजूनही गार पडतात; ती ते चोळते आणि उत्तर देते. देवाकडे केव्हाही जाता येतं. डॉक्टरीणबाई फक्त मंगळवारी बसतात, आणि नंबर सकाळी नऊच्या आत लावावा लागतो.