सदरहू आणि लाल झाकणाचा जॅम

अन्नतपासणी खात्यात जाहीर सूचना लिहिण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळं गाव 'सदरहू' म्हणायचं. तोंडावर म्हणायचे आणि माघारीही. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. उलट मनातून बरंच वाटायचं. 'सदरहू' हा शब्द त्यांच्याइतक्या प्रेमानं दुसऱ्या कुणीही वापरला नव्हता. बायकोला भाजी संपल्याचं सांगतानाही ते "सदरहू भाजी पुरेशी नव्हती" असं म्हणून गेले होते, आणि त्यावर बायकोनं पुढचा आठवडाभर ताटात भाजी वाढताना "सदरहू घ्या" म्हणून त्यांना पिडलं होतं.

माणूस मात्र सरळ. कामात चोख, वेळेचा पक्का. टापटीप इतकी, की चपला काढल्या तरी रांगेत. सूचना लिहायला बसले की चेहऱ्यावर असं तेज यायचं, की शिपाईसुद्धा चहाचा कप आवाज न करता ठेवायचा. वाक्य जितकं लांब, तितकं ते जबाबदारीचं, असं त्यांचं पक्कं मत. पूर्णविराम म्हणजे त्यांना उगाच घाई केल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी गावातल्या जॅमच्या कारखान्यात फोन आला. पलीकडचा माणूस एवढंच म्हणाला, "लाल झाकणाच्या बरण्यांत उंदराचं औषध घातलंय. कुठल्या बरण्यांत ते तुम्हीच शोधा." आणि फोन ठेवून दिला.

कारखान्याचा मॅनेजर धापा टाकत खात्यात आला. खात्याच्या प्रमुख एक बाई होत्या, त्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. मॅनेजर त्यांच्यासमोर बसला आणि रुमालानं मान पुसत म्हणाला, "बाई, कुणीतरी थट्टा केली असणार. पण तुम्ही 'खाऊ नका' असं जाहीर केलंत, तर आमचा कारखाना बसलाच म्हणून समजा. लोकांना कळवा, नको कुठे म्हणतोय मी? फक्त जरा सांभाळून."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण भिडस्त होत्या. त्यांनी सदरहूंना बोलावलं आणि म्हणाल्या, "दुपारपर्यंत सगळ्या दुकानांबाहेर सूचना लागली पाहिजे. लिहा, पण सांभाळून."

सांभाळून लिहा, असं सदरहूंना सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखंच. त्यांनी बाह्या सारख्या केल्या आणि लिहिलं:

'सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, सदरहू कारखान्याच्या लाल झाकणाच्या बरणीतील जॅमच्या सुरक्षिततेविषयी या खात्यास प्राप्त झालेल्या माहितीच्या अनुषंगाने, त्याच्या सेवनाबाबत उचित तो निर्णय घेण्यात ग्राहकांनी कोणतीही कसूर करू नये.'

मॅनेजरनं ते दोनदा वाचलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "वा! काय लिहिता हो तुम्ही!" सदरहू लाजले.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा बायको अजून तिच्या शिवणाच्या दुकानातून आली नव्हती. स्वयंपाकघरात बायकोची मावशी होती. ती त्यांच्याकडेच राहायची आणि दिसेल तो कागद वाचायची, मग ते वर्तमानपत्र असो, औषधाची चिठ्ठी असो की पुडीचा कागद. टेबलापाशी पहिलीतली लेक पाय हलवत बसली होती. तिच्या हातात पावाचा तुकडा होता, त्यावर जॅमचा जाड थर होता, आणि टेबलावर लाल झाकण होतं.

सदरहूंना त्या क्षणी एकही लांब वाक्य सुचलं नाही. ते "ए!" असं ओरडले, झेप घेतली आणि लेकीच्या हातावर फटका मारला. पाव उडाला तो त्यांच्याच शर्टावर चिकटला. लेकीनं भोकाड पसरलं.

"खाल्लास? एक घास तरी खाल्लास का?"

"ना-ही," ती हुंदके देत म्हणाली. "आत्ताच तर दिला आजीनं."

"अहो, झालंय काय तुम्हाला?" मावशी चमचा उगारून उभी राहिली. "पोरीच्या तोंडचा घास काढता?"

"मावशी, हा जॅम आणलात कुठून? दुकानाबाहेर सूचना नव्हती लागलेली?"

"होती तर! वाचूनच आणला. तुमच्या खात्याची म्हणून मुद्दाम उभी राहून वाचली. सुरक्षित आहे म्हणून लिहिलंय, आणि सेवनात कसूर करू नका म्हणून लिहिलंय. म्हटलं, आपल्या जावयाचं खातं एवढं सांगतंय तर घ्याव्यात दोन बरण्या."

सदरहू मटकन खुर्चीवर बसले. मग त्यांनी सकाळच्या फोनची सगळी हकिकत सांगितली. मावशीनं ऐकून घेतलं, लेकीला जवळ ओढलं, तिचं तोंड उघडून आत पाहिलं, बोटं पुसली, चूळ भरायला लावली, आणि मग ती जावयाकडे वळली.

"मग 'खाऊ नका' असं लिहायला काय हात दुखत होता का?"

ते तसेच, शर्टावर जॅम घेऊन, खात्याकडे पळत सुटले. मोठ्या बाई टेबलाला कुलूप लावत होत्या.

"बाई, गाडी द्या. भोंग्याची गाडी."

"अहो, सूचना तर लागली आहे. आणि मी मॅनेजरना शब्द दिलाय..."

"बाई, माझ्या मुलीच्या हातात होता तो पाव."

मोठ्या बाईंनी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. ड्रॉवर पुन्हा उघडला आणि गाडीची किल्ली काढून दिली.

पाण्याच्या टाक्या धुतल्या जाणार असल्या की ही गाडी गावात फिरायची. बोलणारा माणूस रजेवर होता, तेव्हा माइक सदरहूंच्याच हाती आला. ड्रायव्हरनं गाडी बाजारात घातली. सदरहूंनी खाकरून सुरुवात केली, "सर्व संबंधितांस या ठिकाणी सूचित करण्यात येते की..."

"साहेब," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "लोक हात हलवतायत. त्यांना वाटतंय निवडणूक आलीय."

सदरहूंनी माइक खाली घेतला. उभ्या हयातीत त्यांनी खात्याच्या वतीनं एकही छोटं वाक्य उच्चारलं नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि मावशीशी बोलावं तसं बोलायला लागले.

"ऐका हो! लाल झाकणाचा जॅम खाऊ नका. त्यात विष घातलंय अशी धमकी आलीय. खरी की खोटी, आम्हालाही अजून माहीत नाही. बरणी घरात असेल तर पोरांच्या हाताला लागू देऊ नका, दुकानात नेऊन द्या. कुणी खाल्ला असेल तर त्रास व्हायची वाट बघू नका, दवाखान्यात जा."

एका खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "पिवळ्या झाकणाचा चालेल का?"

"नक्की माहीत नाही! आज नकोच!"

"आणि आधी का नाही सांगितलंत?"

माइक हातात होता. "चुकलं," सदरहू म्हणाले, आणि ते भोंग्यातून सगळ्या बाजाराला ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी खात्यात बरण्यांचा ढीग लागला. जिना चिकट झाला, मुंग्यांनी रांगा लावल्या, आणि शिपाई दिवसभर फडकं घेऊन कुरकुरत राहिला. मॅनेजर तावातावानं आला. "आमचं वाटोळं केलंत तुम्ही!" तो ओरडत असतानाच प्रयोगशाळेतल्या बाई आत आल्या. दोन बरण्यांची झाकणं उघडून पुन्हा लावलेली होती आणि दोन्हींत उंदराचं औषध सापडलं होतं. एक बरणी कामगारांच्या खानावळीतून परत आलेली होती, तिला अजून चमचा लागायचा होता. मॅनेजर बोलता बोलता थांबला. मग त्यानं एक खुर्ची ओढली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कुणी खाल्लं तर नाही ना?"

कुणीही खाल्लं नव्हतं. दोन्ही बरण्या एकाच दुकानातून गेलेल्या निघाल्या, त्यावरून पोलिसांनी माणूसही धरला. कारखाना काही महिने रडतखडत चालला, पण बसला नाही. नंतर मॅनेजरनं स्वतःच पत्रक काढलं, काय झालं आणि आता झाकणं कशी बदलली ते सगळं उघड लिहिलं. कच्चा मजकूर घेऊन तो सदरहूंकडे आला. सदरहूंनी तो मावशीकडे पाठवला. मावशीनं अर्धा खोडून परत दिला.

सदरहूंना मात्र एक नवाच ताप सुरू झाला. इतकी वर्षं त्यांना रस्त्यात कुणी काही विचारत नव्हतं. आता सकाळी खात्याकडे निघाले की खिडक्या उघडायच्या. कुणी अंडं पुढे करायचं, कुणी पिठाचा डबा. कालच एका आजीबाईंनी त्यांना अडवून नाकाखाली दुधाचं पातेलं धरलं. सदरहूंनी वास घेतला, पुन्हा घेतला, आणि आजीबाईंच्या आशाळभूत चेहऱ्याकडे बघत त्यांना जड मनानं सांगितलं, "टाका." आजीबाई काही केल्या ऐकेनात. कशासाठी टाकायचं, उकळलं तर चालणार नाही का, निदान मांजराला तरी? सदरहू फुटपाथवर उभे राहून समजावत बसले. खात्यात पोचायला उशीर झाला, आणि मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहून भुवया उंचावल्या.