पंच क्रमांक दोन

माझ्या सासऱ्यांइतका प्रामाणिक प्रेक्षक टीव्हीच्या जन्मापासून आजवर झालेला नाही, आणि मालिका काढणाऱ्यांचं नशीब थोर असेल तर पुढेही होणार नाही. आपण मालिका बघता बघता जेवतो, फोनवर बोलतो, मध्येच एखादी डुलकी काढतो आणि तरीही शेवटी 'बरी होती' असं मत देऊन मोकळे होतो. सासरे मालिका बघत नाहीत, तिची पाहणी करतात. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, चष्मा सदऱ्याच्या टोकाने दोनदा पुसलेला आणि मांडीवर वही. गेल्या वर्षी सिंगापूरला, बुकित बातोकमध्ये आमच्याकडे आले असताना त्यांनी एका कँटनीज गुन्हेगारी मालिकेतले अकरा खून असे बघितले, की खुद्द त्या मालिकेतल्या पोलिसांनीही ते तितक्या मन लावून बघितले नसतील. मालिका विनोदी होती. ही गोष्ट आम्ही त्यांच्यापासून बरेच दिवस लपवून ठेवली होती.

यामागे त्यांचा पूर्वेतिहास आहे. तालुक्याच्या गावी त्यांचं सायकलचं दुकान होतं, आणि ते नेमकं पोलीस ठाण्यासमोर. चोरी होवो, मारामारी होवो, पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित पंच लागतात, आणि प्रतिष्ठित माणसं अशा वेळी नेमकी घरी नसतात. मग हवालदार रस्ता ओलांडून यायचे आणि सासऱ्यांच्या हातातला पंप सोडवून त्यांना घेऊन जायचे. दुकान चाललं तितकी सगळी वर्षं हे चाललं. गावातला एकही गुन्हा त्यांच्या सहीवाचून पुढे सरकला नाही. एकदा कोर्टात आरोपीच्या वकिलाने त्यांना टोचून विचारलं, "तुम्ही सराईत पंच आहात, खरं की नाही?" सासरे शांतपणे म्हणाले, "माझं दुकान ठाण्यासमोर आहे, साहेब. तुम्ही ठाणं हलवा." ते कधी फितूर झाले नाहीत. दिसलं ते सांगायचं, वाटलं ते सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. घरीही तोच. सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आलेल्यांना ते एवढंच सांगत होते, "सकाळी सहा वाजता चहा ठेवला होता. साडेसहाला बघितलं तर कप तसाच भरलेला." त्यापुढे एक शब्द नाही.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी बायकोने हट्टाने त्यांना सिंगापूरला आणलं. पहिल्या आठवड्यातच त्यांचं मन उडालं. रोज सकाळी बिल्डिंगभोवती चक्कर मारून यायचे आणि निराश होऊन सोफ्यावर बसायचे. "जावईबापू, इथे काही होतच नाही का हो?" खाली एक सायकल विनाकुलूप उभी होती. तिच्यावर त्यांनी चार दिवस नजर ठेवली. पाचव्या दिवशीही ती तिथेच होती, हे बघून ते म्हणाले, "मला परत पाठवा." बायको रडवेली झाली. परतीचं तिकीट दोन महिन्यांनंतरचं होतं आणि ते दोन महिने कसे काढायचे, हा आमच्या घरातला एकमेव विषय झाला.

आणि मग शेजारच्या आंटींकडे खून पडला. आमच्या मजल्यावर लोक वाऱ्यासाठी दार उघडं टाकतात आणि बाहेरचं लोखंडी गेट तेवढं लावून घेतात. एका दुपारी चार वाजता सासरे कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत असताना त्यांना त्या गेटमधून जमिनीवर पडलेलं एक प्रेत दिसलं. टीव्हीवर दिसलं, पण त्यांच्या दृष्टीने हा तपशील गौण होता. ते गेटला नाक लावून पाऊण तास उभे राहिले. आंटी सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि कँटनीज सोडून इतर भाषांशी त्यांचं कामापुरतंच. त्यांनी मागे वळून बघितलं, गेट उघडलं, खुर्चीकडे बोट केलं आणि पुन्हा मालिका बघायला लागल्या. दोघांमध्ये एक शब्दही बोलला गेला नाही. पुढेही फारसा गेला नाही.

त्या दिवसापासून दुपारी चारला सासरे वही घेऊन शेजारी जायला लागले. रोज एक भाग. शनिवार-रविवार बंद, कारण कोर्टाला सुट्टी. मालिकेत हाँगकाँगचे दोन पोलीस होते. एक इतका जाडा की गाडीतून उतरेपर्यंत चोर दोन गल्ल्या ओलांडायचा, आणि दुसरी एक उंच बाई, जिला प्रेत बघितलं की चक्कर यायची. आंटी हसून हसून डोळे पुसायच्या. सासऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. "एवढं हसण्यासारखं काय असतं त्यांना?" ते घरी येऊन विचारायचे. "माणूस मेलाय तिथे!" खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती त्यांनी आमच्या मुलीकडून बंद करून घेतली. मुलगी इथल्याच शाळेत शिकते, त्यामुळे वाक्याच्या शेवटी इथलं 'लाह' चिकटवते. ती म्हणाली, "आजोबा, सबटायटल नसेल तर तुला कळणार कसं, लाह?" सासरे म्हणाले, "ती अक्षरं टेबलावरच्या वस्तू झाकतात. पंचाला कान नसले तरी चालतं, डोळे लागतात."

पंचनामा एका पंचाने होत नाही. दोन लागतात. दुसरा पंच म्हणून त्यांनी आधी मला विचारलं, पण चार वाजता मी रॅफल्स प्लेसला ऑफिसात असतो. तेव्हा आंटी पंच क्रमांक दोन झाल्या. भाग संपला की सासरे पंचनामा लिहीत, मग तो खणखणीत मराठीत आंटींना वाचून दाखवत, कारण वाचून दाखवल्याशिवाय सही घेणं बेकायदेशीर आहे. आंटी गंभीरपणे मान हलवत, आणि खाली चिनी अक्षरांत सुरेख सही करत. कार्बन प्रत त्यांना मिळे. तो कार्बन पेपर शोधायला मला अख्खा शनिवार घालवावा लागला होता. एक पंचनामा मी चोरून वाचला. "आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, घटनास्थळी एक जाड इसम पूर्वेस डोके करून पालथा पडलेला आहे. पूर्व कोणती ते पडद्यावरून समजत नसल्याने टीव्हीची उजवी बाजू पूर्व धरली आहे. टेबलावर निळ्या फुलांची किटली, झाकणाचा टवका उडालेला."

ही किटली पुढे फार गाजली. सातव्या भागात ती एका शिंप्याच्या घरात होती, बाराव्यात दंतवैद्याकडे, सतराव्यात जहाजावर. किटली तीच, टवकाही तोच. सासरे अस्वस्थ झाले. "जावईबापू, खुनी किटली घेऊन फिरतोय." मी म्हटलं, "बाबा, मालिकावाल्यांकडे एकच किटली असेल. तीच सगळीकडे ठेवत असतील." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी तालुक्याचा कोणी विकला गेलेला साक्षीदार आहे. त्याच भरात माझ्या तोंडून निघून गेलं, की मालिका विनोदी आहे, खुनाचं एवढं मनावर घेऊ नका. त्यांनी वहीतली किटलीची नोंद पुन्हा एकदा तपासली. मग म्हणाले, "तरी किटली आहेच ना?"

एकोणतीस भाग झाले. शेवटचा तिसावा उरला होता आणि सासऱ्यांच्या विमानाला दहा दिवस होते. त्या दिवशी चारला ते गेले, तर आंटींचं गेट बंद आणि दारही बंद. समोरच्यांकडून कळलं, की त्या स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं, आणि मुलगी त्यांना हॉस्पिटलमधून परस्पर आपल्या घरी घेऊन गेली. घर कुठे, ते कोणाला ठाऊक नव्हतं. नंबरही कोणाकडे नव्हता.

मी शेवटचा भाग आमच्या टीव्हीवर लावून दिला. सासऱ्यांनी उठून तो बंद केला. "दुसरा पंच कुठाय?" बायको म्हणाली, "बाबा, मी बसते ना." ते म्हणाले, "तू पहिल्या भागापासून हजर नाहीस." मी इंटरनेटवर शेवट वाचला आणि त्यांच्या मनाची तगमग थांबावी म्हणून सांगायला लागलो, तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "ऐकीव! ऐकीव पुरावा चालत नाही!" मग रोज चार वाजता ते आमच्या बंद टीव्हीसमोर वही घेऊन बसायला लागले. जेवण कमी झालं. बायको मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आई गेली तेव्हा ते असेच बसायचे, आठवतंय?" मला आठवत होतं. शनिवारचं विमान होतं, आणि हे असं बसणं घेऊनच ते रिकाम्या घरात परत जाणार होते.

गुरुवारी संध्याकाळी आमची बेल वाजली. बाहेर साधारण पन्नाशीच्या एक बाई, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, चेहरा लालबुंद. आंटींची मुलगी. आईचे कपडे न्यायला आली होती आणि कपाटात तिला हा डबा सापडला होता. तिने झाकण उघडून कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर धरला. "धिस वन माय मदर सिग्नेचर. ट्वेंटी-नाइन टाइम्स! व्हॉट यू ऑल मेक हर साइन, हा? द फ्लॅट?"

परक्या लिपीतले एकोणतीस कागद आणि प्रत्येकाखाली एका एकट्या म्हातारीची सही! कोणत्याही मुलीला दुसरं काय वाटणार? "नो, नो, आय विल रीड," असं म्हणून मी वरचा कागद घेतला आणि इंग्रजीत सांगायला लागलो. दुसऱ्याच वाक्यात प्रेत आलं. बाईंनी भिंतीचा आधार घेतला. मी घाईने तो ठेवून दुसरा घेतला. त्यात बर्फाच्या पेटीत एक इसम होता. इतक्यात सासरे आतून आले, आपल्या प्रती ओळखल्या, आणि समोरची बाई वरिष्ठ अधिकारी असावी अशा समजुतीने हात जोडून ताठ उभे राहिले. शेवटी आमची मुलगी धावत आली. "आंटी, इट्स ओन्ली द टीव्ही शो, लाह! आजोबा राइट, युअर मम साइन. एव्हरी डे!"

बाई सोफ्यावर बसल्या. कागद चाळत राहिल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "सो धिस इज द इंडियन पोलीस अंकल," त्या म्हणाल्या. आई रोज पोलीस अंकलबद्दल काहीतरी सांगते, आणि औषधांमुळे बडबडते असं त्यांना वाटत होतं. "फोर ओ'क्लॉक आय ऑन द टीव्ही, शी ऑफ. आय ऑन, शी ऑफ. द लास्ट एपिसोड, शी डोन्ट वॉन्ट." मग त्या हळूच म्हणाल्या, की शाळेत त्या इंग्रजी आणि मँडरिन शिकल्या, त्यामुळे आईची कँटनीज त्यांनाही धड कळत नाही. खालची अक्षरं वाचून हसायला जावं, तोवर आईचं हसून झालेलं असतं.

मी हे सगळं सासऱ्यांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "उद्या किती वाजता?"

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, चोआ चू कांगला आंटींच्या मुलीकडे गेलो. सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आंटी सोफ्यावर होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. सासऱ्यांना बघून त्यांनी डाव्या हाताने शेजारची खुर्ची थोपटली. टीव्ही लागला. खुनी तो दंतवैद्य निघाला, आणि त्याला पकडताना जाडा पोलीस नाल्यात पडला. सासरे गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. किटलीचा पत्ता नव्हता. शेवटच्या मिनिटाला दोघे पोलीस आपल्या कचेरीत चहा प्यायला बसले, आणि टेबलावर ती होती. निळी फुलं, टवका उडालेलं झाकण.

मी सासऱ्यांकडे बघितलं. पण त्यांच्या आधी आंटी ओरडल्या. त्यांनी डाव्या हाताचं बोट पडद्यावर रोखलं, मग सासऱ्यांकडे वळून एक, दोन, तीन अशी बोटं मोजून दाखवली आणि खो खो हसायला लागल्या. त्यांनीही बघितली होती! शिंप्याकडची, दंतवैद्याकडची, जहाजावरची, प्रत्येक वेळी. सासरे क्षणभर थक्क झाले आणि मग माझे सासरे, जे माझ्या लग्नातही हसले नव्हते, ते खुर्चीच्या हातावर थाप मारून चष्मा खाली पडेपर्यंत हसले. दारात उभी असलेली आंटींची मुलगीही हसली. या वेळी तिला खालची अक्षरं वाचावी लागली नाहीत, तिथे कोणी काही बोलतच नव्हतं.

मग पंचनामा झाला. त्याचं शेवटचं वाक्य मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं, "पंच क्रमांक दोन हसल्या. पंच क्रमांक एकही हसला." मोठ्याने वाचून झालं, पण आंटींना सही करता येईना. सासऱ्यांनी बॉलपेन त्यांच्या डाव्या अंगठ्यावर हळूहळू घासलं आणि कागदावर ठसा घेतला. नुसता अंगठा चालत नाही, शेजारी नाव लिहावं लागतं. तिथे त्यांचं पेन थांबलं. एकोणतीस सह्या घेतल्या, पण त्या सह्या त्यांना वाचता येत नव्हत्या. त्यांनी मला विचारलं, मी आंटींच्या मुलीला विचारलं. मुलीने सांगितलं, आंटींनी उच्चार दुरुस्त केला, दोनदा केला, आणि सासऱ्यांनी ते नाव ठसठशीत देवनागरीत लिहून पुढे 'बाई' जोडलं. आंटी त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत होत्या. निघताना त्यांनी विचारलं, "यू कम बॅक वेन?" सासरे मला म्हणाले, "त्यांना सांगा, समन्स आलं की पंचाला हजर व्हावंच लागतं." मी सांगितलं, तुम्ही बोलावलंत की ते येणारच.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते पंचनाम्यात आहे. गावाहून फोन आला की सासरे आमच्या आधी त्या बाईंची चौकशी करतात, नाव घेऊन आणि उच्चार न चुकता. चार महिन्यांपूर्वी आंटींच्या मुलीचा निरोप आला, की आता तिच्याकडेच राहणाऱ्या आईने नवी मालिका लावली, वीस मिनिटं बघितली आणि बंद केली, आता रोज इंडियाला फोन कर म्हणते. मी ते सासऱ्यांना कळवलं. ते म्हणाले, "आलं म्हणा समन्स. त्यांना सांगा, पुढे बघू नका. मी निघालोय." अजून निघालेले नाहीत. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे, आणि डॉक्टर विमानाचं नाव काढू देत नाहीत. चोआ चू कांगला ती मालिका अजून विसाव्या मिनिटावरच थांबलेली आहे.