कांदाचाळीतला वास

नाकात मांस वाढायचं, ऑपरेशन केलं तरी पुन्हा वाढायचं. मला वास येणंच बंद झालं. सटाण्याला आमची कांदाचाळ, कांदा साठवायची शेड. कांदा सडायला लागला की आधी नाकाला कळतं. म्हणून रोज सकाळी बायको चाळीत वास घेत फिरायची. "डाव्या कोपऱ्यात सडलाय," ती सांगायची. मी खेकसायचो, "तुला उगाच भास होतात." नाक तिचं वापरायचो, पण शब्द मानायचो नाही.

शेवटी नाशिकच्या डॉक्टरांनी नाकातलं मांस वाढू न देणारी बायोलॉजिक इंजेक्शनं सुरू केली, पंधरा दिवसांनी एक. चौथ्यानंतर एका सकाळी चाळीच्या दारातच कुबट घाण वास आला. मी आनंदाने ओरडलो, "अगं, डाव्या कोपऱ्यातला कांदा सडलाय!"

कांदे निवडता निवडता ती म्हणाली, "आठ दिवस तेच सांगतेय. कानांसाठीही इंजेक्शन मिळतं का, विचारा डॉक्टरांना."